जामठ्याची तहान

बसा. मनन म्हटलं की लोक आधी डोळे मिटतात. तुम्ही मिटू नका, समोर मॅच चालू आहे. फेब्रुवारीचा शेवट, नागपूरच्या वर्धा रोडवरचं जामठ्याचं मैदान, रणजीचा सामना. पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढा हा घेर, आणि आज त्यात तुरळक डोकी. सावलीतली खुर्ची धरा. दुपारी सावली सरकेल तेव्हा तुम्हीही तिच्या मागे सरका. तेवढी हालचाल पुरे.

आता आपल्या हातांकडे बघा. रिकामे आहेत. बाटली आत नेता येत नाही हे ठाऊक असूनही आपण घरून भरून आणतो आणि गेटवर ठेवून येतो. गोलंदाज चेंडू मांडीवर घासत पाठमोरा चाललाय, हातांना काहीतरी धरायचंय, आणि मन लगेच त्यांच्यात थंडगार बिअरचा ग्लास देऊन मोकळं होतं. मनाला दटावू नका. ग्लास आलाच आहे तर नीट बघून घ्या. फेस किती जाड आहे, काचेवर बाहेरून थेंब कसे धरतात, त्यातला एक ओघळून तर्जनीवर कसा येतो. पहिला घोट अजून घेतलेला नाही. तरी सुख कुठवर आलं? माझ्या मते अर्धं इथेच उरकलं.

हा ग्लास जिथे खरोखर मिळतो, तिथे जरा जाऊन येऊ. अमेरिकेत बेसबॉलला जाणारा शौकीन स्टेडियमला आधी एक चक्कर मारतो. मोठ्या कंपनीची पातळ लागर जिकडेतिकडे असतेच; त्याला हवी असते ती गावातल्या छोट्या ब्रुअरीची, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या स्टॉलवर मिळणारी. डेन्व्हरच्या कूर्स फील्डमध्ये १९९५ साली मैदानाच्या आवारातच ब्रुअरी निघाली. पुढे जगभर गेलेली ब्लू मून ही बिअर तिथे जन्मली. मिलवॉकीच्या संघाचं तर नावच ब्रुअर्स. पण या दोस्तीची सुरुवात भांडणाने झाली होती. मैदानावर बिअर विकायचं सोडत नाही म्हणून १८८० साली नॅशनल लीगने सिनसिनाटीच्या क्लबला बाहेरचा रस्ता दाखवला. दोन वर्षांनी अमेरिकन असोसिएशन ही दुसरी लीग उभी राहिली, तिने बिअरला मोकळीक दिली, आणि हिणवणाऱ्यांनी तिचं बारसं केलं 'बिअर अँड व्हिस्की लीग'.

आता एक प्रश्न मनात ठेवा, उत्तराची घाई नको. बेसबॉलला बिअर एवढी का चिकटली? इतर खेळांनाही लोक पितातच. पण तिथे ती चढते, बेसबॉलमध्ये ती सोबत करते. कारण त्या खेळात मोकळा वेळ फार. पिचर चेंडू हातात घोळवत उभा, बॅटर हातमोजे आवळतोय, आणि बघणाऱ्याला काही काम नाही. २०२३ मध्ये तिकडे पिचरच्या मागे घड्याळ लागलं, बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. सामने चोवीसेक मिनिटांनी आटोपशीर झाले. सातव्या इनिंगनंतर बिअर विकणं थांबवायचं हा तिथला रिवाज. काही क्लबांनी लगेच तो आठव्या इनिंगपर्यंत वाढवला. खेळातला मोकळा वेळ कापला तर धंदा कुठे बुडतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

तो मोकळा वेळ आपल्याही समोर आहे, आणि आपल्या हातात ग्लास नाही. म्हणजे तो उघडा दिसायची सोय आहे. पुढचा चेंडू पडला की तिथून मोजू नका, फक्त बघत राहा. यष्टिरक्षक दोनदा टाळ्या वाजवतो. शॉर्ट लेगचा पोरगा हेल्मेट चाचपून पुन्हा वाकतो. फलंदाज दोन पावलं पुढे येऊन खेळपट्टीवरचा, आपल्याला मुळीच न दिसणारा, खडा बॅटने दाबतो. पंचांच्या मुठीतलं मोजणीचं यंत्र अंगठ्याखाली सरकतं. मिडऑन काहीतरी बोलतो, कोणी हसत नाही. मग गोलंदाज वळतो. हे सगळं घडत असताना टीव्हीवर जाहिरातीची पट्टी दाखवतात.

त्या जाहिरातींवरही थोडं थांबू. आपल्याकडे टीव्हीवर दारूची जाहिरात करायला बंदी. म्हणून बिअरच्या नावाचा सोडा येतो, व्हिस्कीच्या नावाचं पाणी येतं. आयपीएलमधल्या बंगळुरूच्या संघाचं नाव तर सरळ व्हिस्कीच्या ब्रँडवरून आलं. मैदानात सामान्य प्रेक्षकाला एक घोट मिळत नाही, पण ते नाव त्याला पाठ असतं. इथे तहान विकायला परवानगी आहे, बिअर विकायला नाही. राग येऊ द्या, तो खरा आहे. दोन षटकांत विरून जाईल.

आणि या मैदानाबाहेरचा रस्ता कुठे जातो ते आठवा. बुटीबोरी मागे टाकून पुढे गेलात की वर्धा जिल्हा. गांधींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीत आहे. त्याच १९७४ च्या ४ जूनला अमेरिकेत क्लीव्हलँडच्या स्टेडियमने दहा सेंटला बिअर वाटली होती. पब्लिक तर्र होऊन मैदानात उतरलं, खेळाडूंना बॅटी घेऊन एकमेकांना वाचवावं लागलं, आणि सामना पाहुण्या टेक्सासच्या संघाला बहाल झाला. एकाच वर्षात एका ठिकाणी पूर्ण बंद आणि एका ठिकाणी पाण्याच्या भावात. दोन्हीकडे हिशेब करणाऱ्यांनी माणसाची तहान एकाच मापाची धरली होती.

नागपूर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं नि बार बंद झाले. जुलैमध्ये शहराच्या हद्दीला सूट मिळाली. आणि कागदावर तर अजून १९४९ चाच दारूबंदीचा कायदा आहे, पिणाऱ्याने खिशात परवाना बाळगावा असं म्हणणारा. बारमध्ये बसून तो परवाना कोणी कोणाला दाखवताना मी तरी पाहिलं नाही.

माझं मत विचाराल तर जामठ्यात बिअर नाही हे बरंच आहे. बिअरबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या बिअरच्या जातीबद्दल. भारतात खप आहे तो स्ट्राँगचा, आठ टक्क्यांच्या घरातल्या अल्कोहोलचा. चव घ्यायला ती बनतच नाही, लवकर काम व्हावं म्हणून बनते. तीन तास उन्हात, चेंडूगणिक एक घोट, हे तिच्याने होणार नाही. वर अल्कोहोल शरीरातलं पाणी बाहेर काढतं. नागपूरच्या उन्हाला तेवढं निमित्त पुरतं. चांगली बिअर हवी असेल तर हलकी हवी, आणि मागच्या षटकात काय झालं ते पिणाऱ्याला सांगता यायला हवं. दुसरी कसोटी माझ्याकडे नाही.

आता घशाकडे लक्ष न्या. तहान नेमकी कुठे आहे? जिभेच्या मागे, टाळूला चिकटलेली, की ओठांवर? खाली जाऊन कागदी कपात पाणी घेऊन या. घोट तोंडात धरा. टाळू सुटते, मग गळा. कप संपायच्या आत तिथली तहान भागते. तरीही हात पुन्हा काहीतरी मागतील. ती निराळी मागणी आहे, तिला पाणी द्यायचं काम नाही. तिला नुसतं मागू द्या.

हातांसाठी खरी वस्तू या गावात आहे, पण तीही गेटबाहेरच ठेवावी लागते. आंबिया बहाराचं संत्रं नोव्हेंबर-डिसेंबरात असतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चात. जामठ्याच्या कसोट्याही बहुधा त्याच दिवसांत पडल्या: २००८, २०१५ आणि २०१७ चा नोव्हेंबर, २०२३ चा फेब्रुवारी. म्हणून सकाळी आत शिरण्याआधी रस्त्यावरच्या हातगाडीपाशी थांबा. देठाकडे अंगठा रोवला की नागपुरी संत्र्याची ढिली साल आपणहून उचलली जाते, बारीक तेल उडून नखात बसतं. फोड दाताखाली फुटते, आधी गोड, मागून किंचित आंबट, मग बी. बी थुंकायला जागा शोधावी लागते, तेवढा वेळ जातो. चांगल्या पेयात असा वेळखाऊपणा हवाच. संध्याकाळपर्यंत बोटांना वास राहतो, आणि गेटवरच्या तपासणीत तो कोणी काढून घेत नाही.

आता फक्त गोलंदाजाकडे बघा. २००८ च्या नोव्हेंबरात इथल्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाचा जेसन क्रेझा पहिल्यांदा कसोटीत उतरला. सौरव गांगुलीचा तो निरोपाचा सामना, सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. क्रेझाला आपल्या लोकांनी मनसोक्त धुतला: पहिल्या डावात २१५ धावा. बळी आठ. दोन्ही डाव मिळून ३५८ धावांत बारा. तो मार खात असताना जे स्टँडमागे काहीतरी थंड शोधत फिरत होते, त्यांनी परत येऊन फलक पाहिला असेल. जे बसून राहिले त्यांनी फ्लाइट पाहिली, फलंदाज पुढे ओढला जाताना पाहिला.

२०२५ च्या रणजी फायनलचंही तसंच, नुसता फलक पाहून ती कळत नाही. केरळविरुद्ध पाच दिवस, सामना अनिर्णित, आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर चषक विदर्भाचा. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगताना अजून जीभ अडखळते.

सावली दोन खुर्च्या पुढे गेलीय, सरका. ग्लास अजून डोक्यात असेल तर असू द्या, आता त्याचा त्रास नाही. फक्त टी-ब्रेकच्या एक षटक आधी उठून पाणी आणा. पंचांनी बेल्स उचलल्या की त्या एकाच काउंटरवर सगळे पोट्टे तुटून पडतात.