पाहणाऱ्याचे ऋण

आगगाडी पाहावयास जाणे हा प्रौढ व शहाण्या माणसाचा उद्योग असू शकतो, असे आपल्याकडे कोणास सांगितले तर ऐकणारा हसेल. गाडी ही बसून जाण्याची वस्तू. ती आली की सामान उचलावे, जागा धरावी, मुले मोजावी. पावसात दोन दोन तास माळावर उभे राहून ती नुसती जाताना पाहावी व मग घरी परतावे, यात कोणता पुरुषार्थ? परंतु इंग्लंडात व स्कॉटलंडात हजारो माणसे पन्नास वर्षांहून अधिक काळ हेच करीत आली आहेत. आम्हीही एकदा त्यांच्यात उभे होतो, आणि त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. जी सुंदर वस्तू आपण फुकट पाहतो, जिच्यासाठी आपण काहीच दिलेले नाही, तिच्यावर नुसत्या पाहण्याने आपला काही हक्क उत्पन्न होतो काय? आणि होत नसेल, तर उलट तिचे काही ऋण आपल्यावर चढते काय?

प्रथम थोडी हकीकत सांगितली पाहिजे. ब्रिटिश रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांवरून वाफेच्या एंजिनाची शेवटची उतारूंची गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला नेली व परत आणली. भाडे पंधरा गिनी होते, आणि त्यावरूनच त्या गाडीस नाव पडले. दुसऱ्या दिवसापासून वाफेच्या एंजिनांस मुख्य मार्ग बंद झाले. फक्त ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या एका एंजिनास, त्याच्या खाजगी मालकाने आधीच करार करून ठेवला असल्यामुळे, काही काळ मोकळीक राहिली. ही बंदी तीन वर्षे टिकली. ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ हे एंजिन पुन्हा मुख्य मार्गावर धावले, आणि तेव्हापासून जतन केलेली जुनी एंजिने ठराविक दिवशी सहलीच्या गाड्या घेऊन निघू लागली. आत बसणारा चांगले सणसणीत भाडे भरतो; त्यास टेबलावर जेवण मिळते, खिडकीतून डोंगर दिसतात. मात्र ज्या एंजिनासाठी त्याने पैसे मोजले ते त्यास वळणावर क्षणभर दिसले तर दिसले, हा या सौद्यातील विनोद आहे. एंजिन दिसते ते बाहेर उभ्या असलेल्या माणसास, आणि तो एक पैही देत नाही.

आम्ही उभे होतो ते सेटल ते कार्लाइल या बहात्तर मैलांच्या मार्गावर. हा मार्ग १८७६ साली उतारूंस खुला झाला. सेटलपासून ब्ली मूरपर्यंत सुमारे पंधरा मैल शंभरास एक या प्रमाणात चढ आहे. रेल्वेच्या लोकांनी त्याचे नाव ‘लांबलचक ओढ’ अशा अर्थाचे ठेवले आहे. वाटेत रिबलहेडचा चोवीस कमानींचा दगडी पूल लागतो. भोवती झाड नाही, घर नाही. नुसता ओला माळ आणि वारा. रुळाच्या हद्दीबाहेर, कुंपणापलीकडील उंचवट्यावर साठसत्तर मंडळी जमली होती. बहुतेक पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. कॅमेऱ्यांच्या तिकाट्या ओळीने रोवलेल्या. कोणी पहाटे येऊन जागा धरलेली. गाडीला उशीर होता. त्या उशिराने कोणी कंटाळला नाही, उलट आमच्यासारख्या परक्यासही चहाचा पेला मिळाला, आणि कोणत्या एंजिनाचा बाष्पकोश केव्हा बदलला याची चर्चा आपल्याकडील वैयाकरणांस शोभेल अशा आवेशाने चालू राहिली.

अखेर दरीत खाली पांढरा ठिपका उठला. मग आवाज आला. चढावर झगडणाऱ्या एंजिनाचा आवाज ज्याने ऐकला आहे त्यास वर्णन नको, आणि ज्याने ऐकला नाही त्यास वर्णनाने तो ऐकू यावयाचा नाही. नेमक्या त्या वेळी पाचसहा वर्षांचा एक मुलगा, तांबडी टोपी घातलेला, बापाचा हात सोडून दहा पावले पुढे उतरला आणि कुंपणाशी उभा राहिला. तो आमच्या सर्वांच्या चित्रात आला. मागून कोणी ओरडले, “त्या पोराला बाजूला घ्या!” आणखी दोघांनी री ओढली. बाप धावला, त्याने मुलास उचलून मागे, सर्वांच्या पाठीमागे नेले. आम्ही ओरडलो नाही. पण मुलगा मागे गेला तेव्हा आम्हांस बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. आम्ही बटण दाबले. अर्ध्या मिनिटात सगळे आटोपले. गाडीच्या शेपटीस एक डिझेल एंजिन लावलेले होते, वेळप्रसंगी मदतीस असावे म्हणून. ते चित्रात येऊ नये म्हणून सर्वांनी कॅमेरे आधीच खाली केले होते.

मागे वळून पाहिले तेव्हा तो मुलगा बापाच्या खांद्यावर डोके ठेवून रडत होता. एवढ्या दुरून त्याने जे पाहावयास आणले गेले होते ते त्यास दिसलेच नाही. दिसल्या त्या आमच्या पाठी.

कोणी म्हणेल, एका पोराच्या रडण्याचे इतके स्तोम कशास? त्यावर आमचे म्हणणे इतकेच की, तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्ही जे वर्षानुवर्षे शिकवीत आलो ते त्या माळावर आम्हांस उपयोगी पडले नाही. कान्टने सौंदर्याच्या आनंदाचे मुख्य लक्षण निरपेक्षता हे सांगितले आहे: सुंदर वस्तू पाहताना ती आपली व्हावी, आपल्या उपयोगी पडावी, अशी इच्छा नसते, आणि म्हणूनच तो आनंद सर्वांस सारखाच मोकळा असतो. हे लक्षण खरे धरले तर आमच्या शेजारी उभा असलेला माणूस आमचा प्रतिस्पर्धी होऊच शकत नाही. सूर्यास्त एकाने पाहिल्याने दुसऱ्यास कमी पडत नाही. मग तो मुलगा आमच्या आड आला कसा? तो गाडीच्या आड आला नव्हता, आमच्या चित्राच्या आड आला होता. डोळ्याने पाहणाऱ्याने मान किंचित कलती केली असती की काम भागले असते. चित्र मात्र आमचे हवे होते, निर्दोष हवे होते, आणि त्यात तांबडी टोपी नको होती. पाहण्यात मालकी शिरली ती या वाटेने.

अशाच गोष्टीचे मोठे रूप २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दिसले. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ची दुरुस्ती पुरी होऊन, सुमारे बेचाळीस लक्ष पौंड खर्चून, ते लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्ककडे निघाले. हे एंजिन १९२३ सालचे. १९३४ मध्ये ताशी शंभर मैलांचा वेग अधिकृतपणे नोंदला गेला तो याच्याच नावावर. वाटेत दुतर्फा लोक लोटले होते, आणि त्यांपैकी काही चांगले चित्र मिळावे म्हणून थेट रुळांच्या हद्दीत उतरले. गाडी थांबवावी लागली. हा दंगा एंजिनाच्या वैऱ्यांनी केला असता तर समजू शकलो असतो; ज्यांनी त्याची दहा वर्षे वाट पाहिली होती त्यांनीच त्याची वाट अडविली. त्यांस विचारले असते तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितले असते की माझे या एंजिनावर प्रेम आहे. आम्हांसही त्याविषयी शंका नाही.

तथापि छायाचित्र काढणारांस सरसकट दोष देणेही न्यायाचे होणार नाही. ही एंजिने वाचली ती याच लोकांच्या वेडामुळे. ‘टॉर्नेडो’ची गोष्ट पाहावी. पेपरकॉर्नच्या आराखड्यावरून १९४८-४९ मध्ये बांधलेली त्या वर्गाची एकूण एक, म्हणजे एकोणपन्नास, एंजिने मोडीत गेली. एकही उरले नाही. तेव्हा काही मंडळींनी पन्नासावे नवेच बांधावयाचे ठरविले, आणि आठवड्यास बियरच्या एका पेल्याच्या किमतीएवढी वर्गणी शेकडो सामान्य लोकांकडून गोळा करून २००८ साली डार्लिंग्टन येथे ते पुरे केले. खर्च सुमारे तीस लक्ष पौंड. आता हे एंजिन खरे की खोटे, असा वाद काही लोक घालतात. मिलिंद राजास भिक्षू नागसेनाने रथाविषयी जे विचारले होते तेच येथे विचारता येईल, आणि ‘फ्लाइंग स्कॉट्समन’विषयीही, कारण त्यात तरी १९२३ चे कितीसे लोखंड शिल्लक आहे? पण तो वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की, त्या वर्गणीदारांपैकी बहुतेकांस माहीत होते की एंजिन आपल्या मालकीचे होणार नाही, आणि आपण रुळाकडेला उभे राहू तेव्हा ज्याने काहीच दिले नाही तोही शेजारी तितक्याच अधिकाराने उभा असेल.

ऋणाची दुसरी बाजू याहून जुनी आहे. या धुरास सौंदर्य आले केव्हा? वर्ड्स्वर्थने १८४४ साली केंडल ते विंडरमिअर रेल्वेस कडवा विरोध केला. रस्किनने मॉन्सल डेलच्या सुंदर दरीतून रेल्वे नेणाऱ्यांस मरेपर्यंत क्षमा केली नाही. त्या दरीतील रेल्वे १९६८ साली बंद झाली, आणि दोनच वर्षांनी तोच पूल सरकारने जतन करण्यायोग्य वास्तूंच्या यादीत घातला. यावरून रस्किन चुकला असे हसत हसत सांगण्याची रीत आहे. आम्हांस ते पटत नाही. रस्किनने किंमत चालू असताना पाहिली. आपण ती दुसऱ्यांनी भरून झाल्यावर पाहतो. रिबलहेडजवळ चॅपल-ले-डेल येथे एक लहानसे देऊळ आहे. पूल व बोगदे बांधताना अपघाताने व देवीच्या साथीने मेलेली सुमारे दोनशे माणसे, मजूर व त्यांची बायकापोरे, त्याच्या आवारात पुरलेली आहेत. आपल्या बोरघाटातून १८६३ साली गाडी वर चढली त्याआधी पटकीने व दरडींनी किती मजूर नेले याचा विचार खंडाळ्याचा देखावा पाहताना आपणही करीत नाही. आणि भुसावळास एंजिनाच्या शेडजवळ ज्यांचा जन्म गेला त्या घरातील बाईस, वाळत घातलेल्या लुगड्यावर पडणाऱ्या काजळीत काव्य दिसले असेल असे वाटत नाही. धूर सुंदर दिसावयास काही अंतर लागते, आणि ते अंतर राखण्याची ऐपत लागते.

आजच्या काळात त्यात आणखी एक भर पडली आहे. ब्रिटनमधील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र, रॅटक्लिफचे, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. ज्या देशाने हवा तापत आहे म्हणून कोळशाची वीज सोडली त्याने केवळ मौजेखातर कोळसा जाळावा काय? प्रमाण फार अल्प आहे हे उत्तर खरे आहे; पण आपापल्या मौजेचे प्रमाण अल्प आहे असे प्रत्येकच जण म्हणतो. आम्हांस या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही, आणि त्या दिवशी धूर पाहून आनंद झाला हेही नाकारता येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी माणूस जन्मतःच ऋणी मानला: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. ज्यांस पाहिलेही नाही त्यांचे देणे, ही कल्पना पाश्चात्य हक्कांच्या भाषेत नीट बसत नाही. आमचे शिक्षण त्या भाषेत झाल्यामुळे ती आम्हांसही उशिरा समजली. पण ती जगून दाखविणारा एक मनुष्य त्याच मार्गावर होऊन गेला. एरिक ट्रेसी हे पुढे वेकफील्डचे बिशप झाले. तरुणपणी लिव्हरपूलला एज हिल भागात धर्मोपदेशक असताना त्यांनी एंजिनांची छायाचित्रे काढावयास आरंभ केला, आणि ती इतकी उत्तम निघाली की त्या कलेत त्यांचे नाव प्रथम घेतले जाते. एज हिल ही रेल्वेच्या लोकांची वस्ती. त्यामुळे ते चित्र काढीत त्या एंजिनावरील ड्रायव्हर व फायरमन यांस ते ओळखीत. त्यांच्याशी त्यांचा स्नेह असे. गाडी पाहणे आणि गाडीवरचा माणूस पाहणे या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या. १३ मे १९७८ रोजी याच मार्गावरील अ‍ॅपलबी स्टेशनात, वाफेच्या सहलगाडीची वाट पाहत असता, त्यांस मरण आले.

त्या माळावरून आम्ही खाली उतरलो तेव्हा त्या बापाशी दोन शब्द बोलावे असे मनात होते. काय बोलणार होतो ते ठरले नव्हते. रस्त्याशी पोहोचलो तो त्यांची मोटार निघून गेली होती.

छायाचित्र उत्तम आले आहे. धूर पुलावर आडवा पसरलेला, मागे डोंगराची काळी कड, चित्रात माणूस एकही नाही. ते आमच्या बैठकीत लावलेले आहे व येणारे जाणारे त्याची तारीफ करतात. परवा एका स्नेह्याच्या लहान नातीने ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “आजोबा, गाडीला डबे किती होते?” चित्रात चारच दिसतात, बाकीचे पुलाच्या वळणाआड आहेत. ते आम्ही मोजले नव्हते.