ठरलेली मजुरी ती न्याय्य मजुरी काय?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मंदिराच्या आवाराची भिंत बांधावयास काढिली, तेव्हां पंचांनीं गांवच्या रिवाजाप्रमाणें पुरुषांस एक रोज व बायांस त्याहून कमी रोज दिला. पाट्या दोघांनींही सारख्याच वाहिल्या. हिशेबाच्या वहीवर सही आमची आहे. एका बाईनें विचारिलें, "पाळकसाहेब, माझी पाटी हलकी होती काय?" तेथें बसलेल्या एका वडील बंधूंनीं उत्तर दिलें, "बाई, तूं कबूल होऊनच कामावर आलीस ना?" तें उत्तर तेव्हां आम्हांस पुरेसें वाटलें. आतां वाटत नाहीं.

बंधुभगिनींनो, ज्यास दहा दारें उघडी आहेत त्याची कबुली एक, आणि ज्यास एकच दार आहे त्याची कबुली दुसरी. पुरुषास येथें रोज पटला नाहीं तर तो तालुक्याच्या गांवीं जातो. बाईच्या पाठीशीं तान्हें लेंकरूं, आजारी सासू व संध्याकाळचें पाणी असतें. ती शिवेबाहेर जाणार नाहीं हें मालकास पक्कें ठाऊक असतें. तिचा रोज कमी राहतो तो तिचें काम कमी म्हणून नव्हे, तर तिला दुसरीकडे जातां येत नाहीं म्हणून. केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन बाईंनीं १९३३ सालीं आपल्या ग्रंथांत हेंच दाखविलें: श्रम विकत घेणारा एकटाच असला, तर सारखें काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांस तो निरनिराळें वेतन देऊं शकतो.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून व पाथर्डीच्या बाजूनें ऊसतोडीस जाणारीं जोडपीं आमचे वाचक पाहतातच. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल नवऱ्यानें घ्यावयाची. बाईनें ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, डोक्यावर वाहाव्या, आणि हिशेबांत तिच्या नांवाचा रकानाच नाहीं. दुखण्यानें खाडा झाला तर पैसे कापले जातात. उचल फिटली नाहीं तर पुढील हंगामींही तोच मुकादम. ह्यासही कबुलीच म्हणतात!

याकोब लाबानाच्या घरीं असाच अडकला होता. मागें एसावाचा राग, म्हणून परतीची वाट बंद. सातांचीं चौदा वर्षें झालीं, आणि वेतन दहा वेळां बदललें. याकोब राबत राहिला म्हणून लाबान निर्दोष, असें कोणी उपदेशक सांगत नाहीं.

आमचे शेतकरी बंधु द्राक्षमळ्याच्या दृष्टांताकडे बोट दाखवितात, कारण तेथें मालक ठरलेल्या कराराचा आधार घेतो. परंतु शेवटच्या तासास आलेल्यांकडे पाहावें. त्यांस दिवसभर कोणीं लाविलें नव्हतें. चार कवड्यांवरही तीं माणसें आलीं असतीं. मालकानें त्यांच्या त्या लाचारीचा फायदा घेतला नाहीं, त्यांस पुरा रोज दिला.

लहान शेतकऱ्याची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाहीं. बाजारांत कांदा घेणारे व्यापारी मोजकेच, ते सांगतील तो भाव. पण मग ही पीडा त्यासच अधिक समजावी, नाहीं काय? १९७२ च्या दुष्काळांत राज्यांत रोजगार हमीचीं कामें निघालीं, १९७७ सालीं त्यांचा कायदा झाला. तेथें मोबदला मातीच्या मापावर, खणणारा बाप्या कीं बाई हें पाहावयाचें नव्हतें. दुसरें दार उघडतांच पुष्कळ ठिकाणीं शेतमालकांस रोज वाढवावा लागला. शेतें कांहीं पडीक राहिलीं नाहींत.

एकाच कामास स्त्रीपुरुषांत वेतनभेद करण्यास देशाच्या कायद्यानें १९७६ पासून मनाई आहे. म्हणजे आमच्या वहींतील तो हिशेब सरकारदरबारींही टिकणारा नव्हता.

येत्या रविवारीं उपासनेनंतर पंचांची सभा आहे. वही काढून ठेविली आहे. फरकाची रक्कम मोठी नाहीं. त्या बायांपैकीं दोघी ऊसतोडीस गेल्या आहेत. त्या परत येईपर्यंत त्यांचे पैसे पेटींत वेगळे बांधून ठेवावे लागतील.