कात्री, सांधा आणि सत्य

फोटोमोंताजची नैतिक बाजू कलाविद्यार्थ्यांपुढे मांडताना सांधा दिसणे हीच बहुधा प्रामाणिकपणाची खूण मानली जाते. बर्लिनच्या दादावादी वर्तुळातील हाना ह्योख हिच्या १९१९-२० मधील, स्वयंपाकघरातील सुरीचे नाव धारण करणाऱ्या चित्राला हा निकष सहज लागू पडतो. तेथे कातरलेल्या कडा उघड्याच आहेत. जॉन हार्टफील्डपाशी मात्र तो अडखळतो. १९३२ मध्ये ‘ए.आय.झेड.’ या सचित्र जर्मन साप्ताहिकात आलेल्या त्याच्या चित्रात क्ष-किरणांखाली हिटलरचा कणा नाण्यांचा दिसतो, आणि सांधा सफाईने बुजवलेला आहे. तरीही हे असत्य नव्हे. असा कणा असणे अशक्य, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते आणि त्या जाणिवेतूनच चित्राचा अर्थ उभा राहतो. १९४० मध्ये देहदंड झालेल्या येझोव्हला स्टालिनशेजारच्या छायाचित्रातून पुसणारे हातकौशल्य याच जातीचे; परंतु तेथे त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले आणि शंकेला जागाच उरली नाही.

तेव्हा पाहणाऱ्याला जाणून घेण्याची वाट ठेवली आहे की नाही, हा निकष अधिक टिकाऊ ठरतो. पण तोही अपुराच. ह्योखने १९२०च्या दशकात आरंभलेल्या मानववंश-संग्रहालयविषयक मालिकेत आफ्रिकी शिल्पांचे तुकडे युरोपीय स्त्रीदेहांना जोडलेले आहेत. सांधे उघडे आहेत, रोख युरोपीय दृष्टीवर आहे (निदान तसे वाचता येते), प्रेक्षकाची फसवणूकही नाही. ज्या समाजांनी ती शिल्पे घडवली, त्यांची संमती मात्र या दोन्ही निकषांत कोठेच विचारात घेतली जात नाही.