दुसरा बिंदू

दोन बिंदू दिले की त्यांतून एकच सरळ रेषा जाते. देकार्तच्या १६३७ सालच्या ग्रंथापासून भूमितीला बीजगणिताची जोड मिळाली आणि अशी रेषा पट्टी न लावताही तपासता येऊ लागली. मुलांच्या वहीतलं नेहमीचं गणित घ्या. बिंदू आहेत (२, ३) आणि (५, ९). वाय ३ वरून ९ वर गेला, म्हणजे ६ ने वाढला. एक्स २ वरून ५ वर गेला, म्हणजे ३ ने. सहाला तिनाने भागलं, चढ आला २. आता पहिला बिंदू घालायचा. बे दुणे चार, हवेत तीन, म्हणून एक वजा. वाय बरोबर दोन एक्स वजा एक. झालं समीकरण!

काळजी घेणारी मुलं यानंतर ताळा पाहतात. पण बरीच जण तो पहिल्याच बिंदूने पाहतात, कारण तो हाताशी असतो. समजा, घाईत चढ २ ऐवजी ३ लिहिला. पहिला बिंदू घातला: तीन दुणे सहा, हवेत तीन, म्हणून तीन वजा. वाय बरोबर तीन एक्स वजा तीन. पुन्हा तोच बिंदू घालून पाहा, उत्तर बरोबर ३ येतं. येणारच. शेवटचा आकडा आपण त्याच्याच मापाने बसवला होता. चढ कितीही चुकला तरी हा बिंदू जुळतो. आता दुसरा घाला. तीन पंचे पंधरा, त्यातून तीन गेले, उरले बारा. हवे होते नऊ. अर्ध्या मिनिटात चूक सापडली, आणि तीही परीक्षेच्या वर्गात, जिथे पाठीमागची उत्तरं उघडून बघता येत नाहीत. मला हे अर्धं मिनिट फार मोलाचं वाटतं.

घरातले बेतही असेच ठरतात. गावी जायचा दिवस, गाडीची वेळ आपण एकाशी बोलून पक्की करतो आणि मग त्यालाच विचारतो, "जमतंय ना सगळं?" तो मनापासून हो म्हणतो. बेत त्याच्याच सोयीने आखलेला असतो. विचारायचं राहतं ते आजींना, नाहीतर शनिवारी क्लास असलेल्या मुलीला.

आज एखादी गोष्ट पक्की करण्याआधी अशा एकाला विचारून बघा. नवाच्या जागी बारा आले तर खट्टू होऊ नका. वहीचं पान फाडावं लागत नाही. दिलेले बिंदू तसेच राहतात, चढ तेवढा पुन्हा काढायचा. "आजी, सकाळी सहाची गाडी झेपेल का तुम्हाला?" एवढंच विचारायचं आहे, आणि तिकीट अजून काढलेलं नाही.