शेजाऱ्यांचे शास्त्र, आपले शास्त्र



कर्नाळ्याहून पनवेलला आपण नेहमी जातो. तिथे बेने इस्राएल बांधवांचे १८४९ चे बेथ एल सभास्थान आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गुड फ्रायडेला आपण वाचतो तो यशयाचा ५३ वा अध्याय त्यांच्याही शास्त्रात आहे. त्या दुःखी सेवकात आपल्याला येशू दिसतो. पुष्कळ यहुदी विद्वानांना इस्राएल राष्ट्र दिसते. मग त्यांना आंधळे म्हणावे का?

नाही. आपण पुनरुत्थानाच्या उजेडात मागे वळून वाचतो. तो उजेड विश्वासाचे दान आहे, आपली हुशारी नव्हे. परमधर्मपीठाच्या बायबल आयोगानेही २००१ साली यहुदी वाचन शक्य मानले. दान मिळालेल्याने शेजाऱ्याला हिणवू नये.

आज पहिले वाचन ऐकताना स्मरू या : येशूही याच शास्त्रातून प्रार्थना करीत असे.