पाच चांदवडी रुपये

आमच्या देवघरात एक पितळी डबी आहे. तिच्यात चांदीचे पाच रुपये आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आजी ते बाहेर काढते, चिंचेच्या कोळाने घासते, ताम्हणात मांडते आणि हळदकुंकू वाहते. जुनी नाणी जमवणाऱ्या कुणी हे पाहिलं तर तो कपाळावर हात मारून घेईल, कारण जुनं नाणं घासायचं नसतं. पण आजीच्या लेखी ती लक्ष्मी आहे, आणि लक्ष्मीला आंघोळ घालायलाच हवी.

दोन वर्षांपूर्वी ताई कॅनडाहून आली. परत जायच्या आदल्या रात्री आजीने डबी उघडली आणि त्यातले दोन रुपये ताईच्या तळहातावर ठेवले. "तुझ्या पोरीला दे. तिला कळू दे आपण कुठले ते." ताईने ते रुमालात बांधले. मोठ्या बॅगेत नको, हरवली तर काय, म्हणून हातातल्या पर्समध्ये टाकले. तेवढ्यात मी सहज विचारलं, "एक्स-रेमध्ये दिसतील ना गं?" आणि सहज म्हणूनच मोबाइलवर शोधलं. त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट झोपलं नाही.

कायदा असा आहे. 1972 चा पुराणवस्तू आणि कलावस्तू कायदा 1976 मध्ये लागू झाला. त्यानुसार 100 वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुराणवस्तू ठरते. ती घरात ठेवा, देवापुढे मांडा, नातवाला द्या, हरकत नाही. पण देशाबाहेर न्यायची नाही. तो अधिकार फक्त केंद्र सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेचा. मोडलात तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि वर दंड. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून दाखला मिळतो, पण तो 'ही वस्तू पुराणवस्तू नाही' असा. म्हणजे आजीचे रुपये नकली निघाले असते तर खुशाल नेता आले असते. ते खरे आहेत हीच अडचण.

आणि ते खरे आहेतच, शिवाय आमच्याच गावचे आहेत. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल बघायला लोक थांबतात. पण इथे होळकरांची टांकसाळ होती हे गावातल्या पोरांनाही माहीत नसतं. इथला रुपया म्हणजे चांदवडी रुपया. त्यावर मराठी अक्षर नाही. फारसी मजकूर आहे, आणि नाव आहे दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं. टांकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर'. टांकसाळ होळकरांची, नाव मोगलाचं. आणि चांदी? हिंदुस्थानात चांदी फारशी निघत नव्हती, ती व्यापारातून समुद्रापलीकडून यायची. म्हणजे ज्या धातूला आज विमानात बसायची बंदी आहे, तो मुळात जहाजातूनच इकडे आला असणार.

गंमत शब्दातच आहे. आपण पैशाला चलन म्हणतो. जे चालतं ते चलन. त्या काळी चांदवडी रुपया दुसऱ्या गावी नेला तर सराफ तो वाजवून, पारखून घ्यायचा आणि बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागणं हे आपण आजही म्हणतो. पण बट्टा कापून का होईना, रुपया पुढे जायचा. 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला, सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. 1835 मध्ये कंपनीने सगळीकडे एकच रुपया आणला. चांदवडी रुपयाचं चालणं तिथे थांबलं. पुढे तो डबीत बसला, आणि आता तर त्याने देश सोडायचाच नाही.

आजीला हे सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग हे माझे नाहीतच का?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही हा प्रश्न सोपा वाटत नाही. मी विकू शकते, वितळवू शकते, पण नातीच्या पोरीला देऊ शकत नाही, ही कसली मालकी? आपण लंडनच्या संग्रहालयातल्या आपल्या वस्तूंबद्दल तावातावाने बोलतो. पण ताई काही कुठलं राज्य लुटून नेत नव्हती. आणि असे चांदवडी रुपये शेकड्यांनी असतील. दोन गेले तर देशाचा इतिहास बुडणार होता का?

ताई नेमकं हेच म्हणाली, "दोनाने काय होतंय?"

याचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. 1906 मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13 हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एका राजाने दुसऱ्याला हरवलं आणि त्याचाच पैसा आपल्या नावाने चालवला, हे त्या ढिगाने सांगितलं. एकेकट्या नाण्याने ते इतक्या ठामपणे सांगितलं नसतं. सापडल्या दिवशी प्रत्येकाने 'दोनाने काय होतंय' म्हणत मूठभर नाणी उचलली असती, तर तो पुरावाच विरून गेला असता.

पण प्रामाणिकपणे सांगतो, हे उत्तर आजीच्या डबीला पुरतं लागू पडत नाही. तिची नाणी कुठल्या साठ्यातून फोडलेली नाहीत. ती सासूकडून आली, सासूला तिच्या सासूकडून. त्यांचा संदर्भ म्हणजे आमचं घर, आणि त्या घराचा एक तुकडा आता कॅनडात आहे.

मला श्रावणातली खुलभर दुधाची कहाणी आठवली. राजाने हुकूम काढला, गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओता. लोकांनी पोरांच्या, वासरांच्या तोंडचं दूध आणून ओतलं, गाभारा भरला नाही. एका म्हातारीने आधी घरच्यांना पाजलं, मग उरलेलं खुलभर आणलं, आणि गाभारा भरला. लहानपणी मला ही भक्तीची गोष्ट वाटायची. आता वाटतं, ती सार्वजनिक आणि घरगुती कर्तव्याची गोष्ट आहे. गाभारा सगळ्यांचा आहे हे म्हातारीला मान्य होतं. पण घरच्यांना उपाशी ठेवून तो भरत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

शेवटी ताईने रुमाल सोडला आणि रुपये परत डबीत ठेवले. भीतीने ठेवले की पटलं म्हणून, मी विचारलं नाही. मी मात्र त्या रात्री फार शहाण्यासारखा बोललो होतो. वारसा, इतिहास, देश. ती गेल्यावर लक्षात आलं की या सगळ्या तत्त्वांचा फायदा नेमका मलाच झाला होता. मी इथेच राहणार, म्हणजे पाचही रुपये माझ्याकडे. ज्या नियमासाठी आपल्याला काहीच सोडावं लागत नाही, तो नियम पाळण्यात कसला आलाय मोठेपणा?

तेव्हापासून मी त्यातल्या दोन रुपयांकडे ठेव म्हणून बघतो. ठेव आपल्या घरात असते, पण आपली नसते. ती जपायची, आणि कुणाची आहे ते विसरायचं नाही. पाचही नाण्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, सराफाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवलं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन ती दाखवायची आहेत. देश म्हणून आपण घरोघरच्या डब्यांना 'बाहेर नेऊ नका' म्हणतो, तर आत काय आहे याची विचारपूस करणंही आपलंच काम आहे. नुसतं दार लावलं म्हणजे जपणूक झाली असं नाही. हे सरकारला लागू आहे तसं मलाही.

आजीचा प्रश्न मी अजून पूर्ण सोडवलेला नाही. ती नाणी तिची आहेत, पण फक्त तिची नाहीत, एवढंच मला सांगता येतं. तिला ते पटलेलं नाही. गेल्या दिवाळीत ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आजीने एक रुपया फोनजवळ नेऊन फरशीवर वाजवला. पलीकडून भाची म्हणाली, "परत वाजव ना." आजीने परत वाजवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी हिला इकडे आणा. घासायला मला आता हात लागतात."