काट्यावरचा माणूस

पिंगळीच्या आसपास ख्रिस्ती असलात की डिसेंबरात एक प्रश्न ठरलेला असतो: "केक कधी?" बाकी अकरा महिने तुमच्या धर्माशी कुणाला फारसं देणंघेणं नसतं. मीही कधी उगाच सांगत बसलो नाही. रविवारी सकाळी परभणीची गाडी धरायची, उपासना करून दुपारी परत यायचं आणि सोमवारी कामावर.

काम एका जिनिंगमध्ये, वजनकाट्याच्या केबिनमध्ये. कापसाची भरलेली गाडी काट्यावर येते, आकडा पडतो, मी तो कॉम्प्युटरवर चढवतो. मग रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे माल. यात मी एका किलोचाही फरक केला नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा विषय पुन्हा पुन्हा येतो. संडे स्कूलमध्ये वाटायचं, देवाला वजनमापाशी काय करायचंय? केबिनमध्ये बसल्यावर कळलं. कामावर विश्वास जगायचा तो असाच, असं समजून मी स्वतःवर खूश होतो.

गेल्या हंगामात एक म्हातारे शेतकरी पिकअप घेऊन आले. पोरगा आकडा बघायला निघाला, तर त्यांनी त्याला अडवलं. "राहू दे रे. हे चर्चात जाणारे हायत. यांच्या काट्याचं बघायचं नसतंय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

माल १५ क्विंटल भरला, तो अगदी बरोबर. पण ओलावा ठरवणारा माणूस वेगळा. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा पूर्ण भावाला चालतो, १२ पर्यंत त्या प्रमाणात पैसे कापतात, त्यापुढे माल घेत नाहीत. आमच्याकडे ओलावा मोजायचं मशीन होतं, पण ते बहुतेक वेळा टेबलावरच. आमचा माणूस ढिगात हात घालायचा आणि आकडा सांगायचा. त्या दिवशी म्हणाला, "क्विंटलला दोन किलो कमी लाव."

मी लावले. १५ क्विंटलला ३० किलो, सात हजारांच्या भावाने २,१०० रुपये. गाडीतून सांडलेल्या कापसातली एक सरकी मी सवयीने दाताखाली धरली होती. कटकन फुटली. ओली सरकी अशी फुटत नाही. म्हाताऱ्यांनी पावती न वाचताच घडी करून खिशात ठेवली. कशाला वाचतील?

त्या रात्री मला मुनीमजींचं एक वाक्य आठवलं. "तुझ्यावर लोकांचा भरवसा आहे, तू काट्यावरच बरा." ती मी शाबासकी समजलो होतो. लोक काट्याचा आकडा बघायचे, तो बरोबर निघायचा आणि पुढच्या कपातीवर शंका घ्यायचं त्यांना सुचायचं नाही. माझा प्रामाणिकपणा खरा होता, आणि तोच धंद्याच्या कामी येत होता.

मग करायचं काय? लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या जकातदारांना योहान नोकरी सोडायला सांगत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. यरीहोचा जक्कय तर जकातदारांचा मुख्य. उंबरावर चढलेला म्हणून तो चित्रांत गोड दिसतो, पण नंतर तो हिशोबाचं बोलतो: फसवून घेतलेलं चौपट परत. त्याने काम सोडलं असं लूक कुठेच लिहीत नाही. मत्तय मात्र जकातनाक्यावरून सरळ उठून गेला.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. मोठं पाऊल होतं. तरी मला मत्तय आणि टिळकांपेक्षा जक्कय अवघड वाटतो. उठून जाणाऱ्याला एकदाच ठरवावं लागतं. बसून राहणाऱ्याला प्रत्येक गाडीला. (शिवाय नोकरी सोड म्हणणाऱ्यांनी बहुधा हप्त्यावर मोटारसायकल घेतलेली नसते.)

मी एवढंच केलं की कपात चढवायच्या आधी विचारायला लागलो, "मशीनवर किती आला?" शेतकऱ्याला ऐकू जाईल असं, मोठ्याने. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी मशीन टेबलावरून ढिगापाशी आलं. नंतर मुनीमजींनी बाजूला घेतलं. "चर्चमधून सांगितलंय का हे तुला?" मी नाही म्हणालो. खरं तर चर्चमध्ये मी यातलं कुणाला काही बोललोच नव्हतो. तिथे सगळे मला काट्यावरचा प्रामाणिक माणूस म्हणूनच ओळखतात.

ओलावा बघणारा एकदा चहा पिताना म्हणाला, "तुझं बरंय रे. तू नुसता विचारतो, शिव्या मला बसतात." त्याचं खरं होतं. त्यालाही आकडा वरूनच यायचा. त्याला दोन मुली आहेत, आणि त्याची साक्ष काढायला बायबल नाही, एवढाच आमच्यात फरक. मी स्वच्छ राहायचं ठरवलं त्याची अर्धी किंमत त्याच्याकडून वसूल झाली, हे मी मोजलंच नव्हतं.

हंगाम संपायच्या आधी मला गाठींच्या गोदामात टाकलं. पगार तोच. काट्यावर आता दुसरा मुलगा बसतो. मशीन कुठे आहे, ते गोदामातून दिसत नाही.

जक्कयाच्या हिशोबाने ८,४०० रुपये होतात. म्हाताऱ्यांचं गाव पावतीच्या नकलेवर आहे, मोटारसायकलने अर्धा तास. अजून गेलेलो नाही.